चौदाव्या प्रकरणातला ग्लास

१३ जानेवारी २०१९, रविवार

आला! रुपाच्या 'पाणीकार्ड' कादंबरीचा दुसरा भाग आला एकदाचा. तिने सकाळी सहालाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोनशे चौदा पानं! खाली मेसेज – "पहिली तूच. घरी कोणालेच दाखवला नाही. गोडगोड बोलू नको, खरं सांगजो. आन पाणी पेजो."

तिचा प्रत्येक मेसेज असाच संपतो. पाणी पेजो. नववीपासून. सिकलसेलवाल्यांनी दिवसभर पाणी पीत राहायचं, नाहीतर हाडं ठणकायला लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी विसरते. ती विसरत नाही.

विहारात जायच्या आधी तीन प्रकरणं वाचून काढली. आई दारातून ओरडली, "वंदना सुरू झाली असन तिकडे, आन तू मोबाईलात मुंडकं घालून बसली!" उशिरा पोचले. रविवारी विहारात माझ्याकडे पुस्तकं वाचायला येणाऱ्या मुलांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मोबाईलच हिसकला असता कार्ट्यांनी.

१५ जानेवारी

चौथं प्रकरण. काय लिहिलंय बयेनं! वैनगंगेत पाणी नाहीच, पण आता रेतीही उरलेली नाही. ड्रायव्हर नसलेले टिप्पर रांगेने येतात आणि नदीचा तळ खरवडून नेतात. कुठे नेतात, कोणालाच माहीत नाही. एकतीस काठावर बसून टिप्पर मोजते. मोजता मोजता झोपते. बस, एवढंच. ना मारामारी, ना भाषण. वाचून उठले आणि उभ्या उभ्या दोन ग्लास पाणी प्यायले.

हे तिलाच जमतं. सन दोन हजार नव्वद, नदी पाइपात कोंडलेली, माणसांना नाव नाही, आडनाव नाही, नुसता नंबर, आणि नंबरावर पाणी – हे सगळं पहिल्या भागातच उभं करून ठेवलंय तिने. हिरॉइन एकतीस. तिची मैत्रीण अठ्ठावीस, रक्ताच्या आजाराची, तिला पाणी जास्त लागतं. एकतीस तिच्यासाठी पाणी चोरते. हे आमचे नववीतले हजेरी नंबर! अर्ध्या आंधळगावला माहीत आहे अठ्ठावीस कोण ते.

आणि रुपाने खरंच चोरलं होतं. मास्तरांच्या खोलीतल्या माठातलं, रोज दुपारच्या सुट्टीत, माझ्या बाटलीत. पकडली गेली तेव्हा म्हणाली, "रीनाने सांगतलं होतं." छडी मला! पुस्तकातही तिने तसंच लिहिलं. एकतीस पकडली जाते आणि घाबरून मैत्रिणीचा नंबर सांगून टाकते. ते पान वाचलं त्या दिवशी मी छडी माफ केली. पोरांना एकतीस आवडली ती त्याच पानामुळे. भित्री आहे, खोटं बोलते, मग रडते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चोरायला जाते.

१७ जानेवारी

सहावं, सातवं, आठवं. बॉम्ब. बॉम्ब. आणखी एक बॉम्ब. दुसऱ्या भागात सगळं डबल लागतं असं कोणी सांगितलं हिला? पाणी वाटणारा मोठा अधिकारी दर चार पानांनी उभा राहून आपला दुष्टपणा समजावून सांगतो. कंटाळा आला.

आणि एकतीस आता घाबरतच नाही. भिंतीवरून उडी काय मारते, बंदूक काय चालवते. कधी शिकली? ही पोरगी मला ओळखीचीच वाटेना.

२० जानेवारी, रविवार

विहारात आज मुलांनी 'पाणीकार्ड' पहिला भाग घेतला. आमची रविवारची रीत ठरलेली आहे – पुस्तक वाचलं की प्रत्येकाने दोन गुण आणि दोन उणिवा सांगायच्या. नुसतं "छान आहे" म्हणेल त्याने चटया झाडायच्या.

मनाली नववीत आहे. कधी तोंड उघडत नाही. आज उभी राहिली. "ताई, एक उणीव हाय. सगळ्याइचे आडनाव काढून टाकले, असं लिहिलं, आन लोकं रडून राहिले. पण मंग वाईट काय झालं त्याच्यात? मले तं कोणी आडनाव इचारलं का पोटात गोळाच येते. नंबर बरा ना!"

सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. मीही हसले होते.

रुपाला हे सांगायला हवं. तिला सुचलंच नसेल. सुचणार तरी कसं? आडनाव ऐकून तिला कोणी कुठे बसवायचं ते ठरवलेलं नाही.

२३ जानेवारी

मेले मी. बारावं प्रकरण, पान एकशे सोळा.

मरण फार सुंदर दिलंय. चांदणं आहे, ओठांवर हसू आहे, आपल्या वाटणीचं शेवटचं पाणी अठ्ठावीस एकतीसला देते आणि म्हणते, आता तू लढ. मग डोळे मिटते.

सिकलसेलने कोणी हसत मरत नाही, बाई. माझा सुगतदादा एकोणीस वर्षांचा होता. शेवटच्या दोन दिवसांत आईलाही ओळखत नव्हता. तोंडातून शिव्या येत होत्या त्याच्या, ज्या त्याने जन्मात दिल्या नव्हत्या. रुपा होती तिथे. तिने पाहिलं आहे!

मी पंचवीस वर्षांची आहे. शिकवण्या घेते, विहाराची पुस्तकं सांभाळते, गोळ्या खाते. मरायचा माझा विचार नाही. पण गावात सगळे माझ्याकडे असंच बघतात, जिवंत असेपर्यंत बघून घ्या. आता हीसुद्धा?

२४ जानेवारी

काल लिहिलं ते काहीच नाही. आज चौदावं प्रकरण वाचलं.

अधिकाऱ्याच्या घरी खिडकीत एक ग्लास ठेवलेला आहे. स्टीलचा, काठाला दबलेला. घरचे लोक अठ्ठावीसला त्यातच पाणी द्यायचे. आता अठ्ठावीस मेलेली आहे. एकतीस ताठ चालत येते, तो ग्लास उचलते आणि सगळ्यांच्या देखत भिंतीवर फेकते. मग भाषण. दीड पान. सगळे माना खाली घालतात.

तो ग्लास मला पाठ आहे. रुपाच्या घरापुढच्या छपरीतल्या खिडकीत असायचा, धानाच्या रोवणीला येणाऱ्या मजुरांसाठी. काठाला दबलेला, बाजूला तिच्या आजोबांचं नाव कोरलेलं – कृष्णराव – त्यातला 'राव' घासून गेलेला. मी नववीपासून त्या घरी जायची. पाणी तर मला सारखं लागायचं. पुष्पाकाकू, रुपाची आई, त्यातच द्यायच्या. वाईट नाहीत काकू. आंब्याचं लोणचं माझ्यासाठी आठवणीने ठेवायच्या, दादा गेला तेव्हा आईच्या गळ्यात पडून रडल्या. पण पाणी त्या ग्लासात. रुपा रोज पाहायची. मीही काही बोलायची नाही. पोरवयात माणूस ते हवेसारखं घेतो.

मग दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, पहिला भाग आला आणि गावाने रुपाच्या अंगणात तिचा सत्कार केला. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं – अठ्ठावीस नंबर ना मी! गोळीची वेळ झाली. पाणी मागितलं. काकू खिडकीतून तो ग्लास घेऊन आल्या. पन्नास माणसांतून, सरळ माझ्याकडे. रुपा स्टेजवर होती. तिने पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं, आणि अंगावरची शाल नीट करायला लागली.

मी गोळी घेतली, पाणी प्यायले, टाळ्या वाजवल्या, घरी आले. त्यानंतर त्या घरी गेले नाही. आम्ही भेटतो, पण बसस्टँडवर, विहारात, आमच्याकडे. काहून येत नाही, असं तिने कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आणि आता पुस्तकात फेकते! कधी? तर मी मेल्यावर.

२ फेब्रुवारी

दोन दिवस दवाखान्यात होते. पाय, कंबर, पाठ. सलाईन. आता बरं आहे, पण पेन धरवत नाही.

४ फेब्रुवारी

दवाखान्यातलं लिहायचं राहिलं. रुपा आली होती, भंडाऱ्याहून कॉम्प्युटर क्लास सुटल्यावर, स्कुटीने. शहाळं घेऊन. पायथ्याशी बसून माझे तळवे चोळत होती.

"वाचलं का वं?"

"टिप्परवालं प्रकरण भारी हाय. बॉम्ब लय झाले."

"आन बारावं? मले लिहिताना लय रडू आलं, रीने."

"मले वाचताना नाही आलं."

तिचे हात थांबले. मग उठली, माझी बाटली घेऊन गेली, भरून आणली. म्हणाली, "फेब्रुवारीच्या शेवटी प्रकाशकाले द्याचं हाय. त्याच्या आधी लिहून देजो मले. सगळं लिहिजो. तू बोलत नाही ना, तं मले जास्त भेव वाटते."

जाताना दारात वळून बघितलं. मी डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते.

१० फेब्रुवारी, रविवार

लिहिलं. दोन पानं.

पहिल्या पानावर विहाराच्या रीतीप्रमाणे. गुण – टिप्पर, नदी, बाजारात बाटलीतला पावसाचा आवाज विकणारा म्हातारा, तिची भाषा, जी आपल्या घरातली आहे आणि पुस्तकात बसूनही अवघडत नाही. उणिवा – बॉम्ब, भाषणं, अधिकारी नुसता वाईट, एकतीसला भीती नाही. मनालीचा आडनावाचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला. बारावं प्रकरण खोटं आहे असंही लिहिलं, दादाचं नाव घेऊन.

दुसऱ्या पानावर चौदावं प्रकरण. तो ग्लास. तो सत्कार. ती शाल. सगळं. शेवटी एक वाक्य लिहिलं. ते इथे उतरवत नाही.

पहिलं पान पाठवू? की दोन्ही?

११ फेब्रुवारी

आईने दुसरं पान वाचलं. उशीखाली होतं, चादर झटकताना सापडलं. अंगणवाडीतून दमून आली होती, तशीच खाटेवर बसली.

"कायले पाठवते, बाई? लेखिका हाय ते आता. तरी आपल्या घरी येऊन चुलीजवळ बसते, भाकर खाते. आपल्याले मानते, एवढं खूप झालं."

एवढं खूप झालं! आईच्या तोंडून हे ऐकून माझं डोकंच फिरलं. पुस्तकात ती मला शूरवीर मरण देते, आणि जिवंत असताना मी एवढ्यात खूश राहायचं?

१२ फेब्रुवारी

पाठवलं. दोन्ही पानांचे फोटो. दहा चाळीसला निळ्या खुणा आल्या.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी उत्तर आलं. दोन शब्द. "पाणी पेजो."

बस? एवढंच? मी रात्रंदिवस आतड्याला पीळ पाडून लिहिलं आणि ही म्हणते पाणी पेजो! मोबाईल गादीवर फेकला. प्यायले नाही पाणी मुद्दाम. मग पाय ठणकायला लागला तेव्हा प्यायले.

१७ फेब्रुवारी, रविवार

आजही काही नाही. विहारात आली नाही.

२१ फेब्रुवारी

मी फोन करणार नाही. दुसरं पान मी लिहिलं, आता बोलायची पाळी तिची. पण पाच वाजता रस्त्यावर स्कुटीचा आवाज आला की मी खिडकीशी जाते. दोनदा तीच होती. वर न बघता गेली. पाठीवर बॅग, हेल्मेट, घाईत.

२२ फेब्रुवारी

रुपा गेली.

२३ फेब्रुवारी

मोहाडीच्या अलीकडे. मागून रेतीचा टिप्पर. जागच्या जागी, म्हणतात. हेल्मेट होतं. हेल्मेट होतं, हे सगळे एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत आहेत, जणू त्याने काही फरक पडणार आहे.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. आत गेले नाही. तिरडी माझ्या समोरून गेली. तोंड झाकलेलं होतं.

आई म्हणाली, रड. आलं नाही.

२६ फेब्रुवारी

टिप्परवालं प्रकरण मी गुणांत पहिल्या नंबरवर लिहिलं होतं.

६ मार्च

आज तेरवी. आई जाऊन आली. मी गेले नाही. पाय दुखतो म्हणाले. आईने खोटं ओळखलं.

मला तिच्या घरात तिचा फोटो बघायचा नाही. आणि खरं सांगायचं तर मला तहान लागेल, आणि काकू पाणी आणतील, आणि कशात आणतील ते मला बघायचं नाही. मैत्रीण मेली तरी माझं डोकं ग्लासावरच अडलेलं! लाज वाटते स्वतःची.

११ मार्च

भूपेंद्रदादा आला होता, रुपाचा मोठा भाऊ. आमच्या घरी पहिल्यांदा. दारातच उभा. हातात तिची बॅग, चेन तुटलेली.

आईने खुर्ची दिली, पाणी दिलं. घटाघटा प्यायला, आणखी मागितलं. मग बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढला. "त्या दिवशी बॅगेत हेच होतं. आठ-नऊ दिवसाआधी भंडाऱ्यावरून प्रिंट काढून आणलं होतं, रोज संग नेत होती. प्रकाशकाचा फोन होता, म्हणे पुस्तक काढाचंच. आम्हाले यातलं काय समजते? आई म्हणाली, रीनाले दे. तुह्याशिवाय कोण पाहीन?"

गठ्ठ्याचे कोपरे दुमडलेले. वरच्या पानावर मातीचा डाग. बॅग ठेवून तो गेला तशी दार लावून बसले. अजून उघडलेला नाही.

१२ मार्च

उघडला.

पेन्सिल! पानापानावर तिची पेन्सिल! सहाव्यातला बॉम्ब काढला आहे. सातव्यातला काढला. आठव्यातला ठेवला, पण बाजूला लिहिलंय – "एकतीस इथे मुतते भीतीने." अधिकाऱ्याची भाषणं उभी कापली आहेत. नवव्या प्रकरणात एक छोटी पोरगी घातली आहे जी म्हणते, आडनाव गेलं ते बरं झालं, आणि एकतीसला उत्तर देता येत नाही. मनालीचं वाक्य जसंच्या तसं. मी हसले. मोठ्याने. आई धावत आली.

बारावं प्रकरण. मरणाची चार पानं तिरप्या रेघेने कापलेली. समासात – "हिले मारायचं नाही."

म्हणजे ती गप्प नव्हती. नऊ दिवस काम करत होती. रुसली म्हणून वर बघत नाही, असं मला वाटत होतं. तिचं काम चाललं होतं!

आता रडू आलं. अठरा दिवसांनी.

१३ मार्च

चौदावं काल वाचवलं नाही. आज वाचलं.

भाषणावर फुली. ग्लास फेकण्यावर फुली. पूर्ण प्रकरणावर एक मोठी फुली, कागद फाटेल इतकी जोरात. आणि खाली – "हे नाही. दुसरं."

पुढे कोरं. मागच्या पानावर काही नाही. बॅग उलटी करून झटकली. कंगवा, पेट्रोलची पावती, माझ्यासाठी घेतलेली गोळ्यांची एक पट्टी. दुसरं काय ते कुठेच नाही.

१७ मार्च, रविवार

मुलांना रुपाची पहिली तीन प्रकरणं वाचून दाखवली. म्हटलं, सांगा गुण-उणिवा. मनाली म्हणाली, "उणिवा सांगाले लेखिका पाहिजे ना ताई, दुरुस्त कराले." आणि उठून चटया झाडायला लागली.

७ एप्रिल, रविवार

चौदावं लिहायचा प्रयत्न करते आहे. एकदा एकतीस अठ्ठावीसची माफी मागते, असं लिहिलं. ओशट वाटलं. एकदा आईशी भांडून घर सोडते. रुपा नव्हे ती. एकदा अठ्ठावीसनेच ग्लास फेकला. मजा आली लिहायला, पण ते माझं स्वप्न झालं, तिचं "दुसरं" नाही.

प्रकाशकांचा फोन आला. बोलायला चांगले आहेत. म्हणाले, "फुली मारली असली तरी मूळ चौदावं प्रकरणच घेऊ या ना? भाषण फार प्रभावी आहे, मुलं डोक्यावर घेतील." मी म्हटलं, तिने कापलंय. ते म्हणाले, मग तुम्ही द्या काहीतरी, मे संपायच्या आत. नाहीतर तेच छापावं लागेल.

तेच छापलं तर? सगळं गाव वाचेल. म्हणेल, बघा, कशी वाघीण होती रुपा. आणि खिडकीतला ग्लास खिडकीतच राहील.

२८ एप्रिल

इथे उतरवलं नव्हतं ते वाक्य आज उतरवते. पानापासून काय लपवायचं. दुसऱ्या पानाच्या शेवटी मी लिहिलं होतं – "तू फक्त मेलेल्यांसाठी शूर आहेस."

तिने ते वाचलं. दहा चाळीसला. दुसऱ्या दिवशी लिहिलं, पाणी पेजो. आणि दहाव्या दिवशी ती नव्हती. हे वाक्य खरं होतं, असं मी फेब्रुवारीत छातीठोक सांगितलं असतं. अजूनही खोटं म्हणवत नाही. पण परत घेतलं तरी ते ऐकायला कोणी उरलेलं नाही.

मरायची होते मी. गावाने ठरवलं होतं, पुस्तकानेही ठरवलं होतं. आणि कागदावर मला जिवंत करून ही बया आपणच निघून गेली.

१२ मे, रविवार

काहीच सुचत नाही. ऊन भयंकर. आई म्हणते, एकदा पुष्पाबाईकडे जाऊन ये, पोरीची माय आहे, दर बाजाराला तुझं विचारते. हो म्हटलं. गेले नाही.

१९ मे, रविवार

गेले. दोन वर्षांनी. छपरीत पाय ठेवताच डोळे खिडकीकडे. ग्लास नव्हता. घसा कोरडा पडला होता, पाणी मागितलं. काकूंनी आतला, घरचा, चकचकीत ग्लास भरून आणला. मी विचारून टाकलं – तो कुठे आहे?

काकू खालीच बसल्या. "तिच्या खोलीत हाय, बाई. सत्काराच्या दिवशी रात्री खिडकीतून उचलून नेला. दोन वर्षं त्याच्यातच पाणी पेली. मी दुसऱ्यात दिलं का तशीच तहानेली राहे. काहून वं, म्हटलं, तं बोललीच नाही. मले समजून गेलं होतं. पण म्या तुले ये म्हटलं नाही."

दोन वर्षं! आणि मला एक शब्द नाही. राग आला. रडूही आलं. मला सांगायचं होतंस, रुपे. मला सांगायचं होतंस.

काकूंनी तो आणून माझ्यापुढे ठेवला आणि हात मागे घेतला. 'कृष्ण' अजून वाचता येतं. मी त्यात पाणी ओतलं. अर्धं मी प्यायले, अर्धं काकू प्यायल्या.

घरी येऊन चौदावं प्रकरण लिहिलं. एकतीस काही फेकत नाही. ती त्याच ग्लासातून पाणी पिते.